दुसरा कप

शनिवारी सकाळी साडेसहाला वहिनींचा फोन आला आणि त्या म्हणाल्या, "शालन, हे गेले." मी अर्धवट झोपेत होते. ऑक्टोबरातला शनिवार म्हणजे अनंतदादाचा डोंगरावर जायचा दिवस, हे डोक्यात इतकं पक्कं बसलेलं, की मी चक्क विचारलं, "आज कुठे?" आणि विचारतानाही माझ्या आवाजात खोच होती. वहिनींनी पुन्हा माझं नाव घेतलं. मग म्हणाल्या, "दारातच बूट चढवायला खाली बसले होते..." तेव्हा कुठे मला कळलं. त्या गोष्टीला आता पाच आठवडे झाले, पण माझा तो प्रश्न अजून माझ्या कानातून जात नाही.

अनंतदादा माझा मावसभाऊ, माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा. जपानातल्या त्सुकुबा गावच्या एका संशोधन संस्थेत त्याने पंचवीस वर्षं काढली. आम्ही नवऱ्याच्या बँकेच्या बदलीमुळे तोक्योत आलो आणि कोतोतल्या एका फ्लॅटमध्ये राहायला लागलो, ते त्याच्याच भरवशावर. कचरा कुठल्या वारी कुठला टाकायचा याचा तक्ता त्यानेच आमच्या फ्रिजवर लावून दिला. पण सगळ्या मराठी घरांत तो ओळखला जायचा तो पानांसाठी. निक्कोच्या डोंगरात शरदातला रंग वरून खाली उतरतो. आधी माथ्यावरचं गवत, मग गरम झऱ्यांच्या गावाभोवतीची झाडं, मग मोठं तळं, मग घाटाची वळणं आणि नोव्हेंबरात खालचं गाव. दादा त्या रंगाबरोबर दर शनिवारी एकेक टप्पा खाली यायचा. दोन आगगाड्या बदलून, मग बसने, आणि गेली काही वर्षं एकटा. आमच्या मराठी मंडळाची सहल कधी आणि कुठे न्यायची ते तो सांगे आणि त्याचा अंदाज कधी चुकत नसे. लोक कौतुक करायचे. मी मात्र विचार करायचे, की माणूस एकाच डोंगरावर दर आठवड्याला एकटाच कशाला जाईल?

माझा स्वभाव संशयी आहे, हे मी लपवत नाही. माझी मुलगी मला जपानीत 'तान्तेई' म्हणते, म्हणजे गुप्तहेर. नवरा ऑफिसातून उशिरा आला तर मी आधी त्याचा चेहरा बघते आणि मग घड्याळ. आणि दादाच्या बाबतीत कुठेतरी पाणी मुरतंय असं मला फार आधीपासून वाटत होतं. एक तर तो गाडी चालवायचा नाही. त्सुकुबासारख्या ठिकाणी, जिथे दूध आणायलाही लोक गाडी काढतात, तिथे गाडी वहिनी चालवायच्या आणि हा शेजारी बसायचा. विचारलं तर म्हणे, आवडत नाही. दुसरं, एवढी पानं बघून येणारा माणूस, पण स्वतः कधी एक फोटो काढत नसे. कुणी आपला फोटो दाखवला की हा आधी त्यालाच विचारणार, "तुला कसा वाटतो?" एकदा दिवाळीच्या फराळाच्या वेळी मी म्हटलं, दादा, ती हिरवी पिशवी दे. तर त्याने तिन्ही पिशव्या माझ्यापुढे आणून ठेवल्या आणि म्हणाला, बघ तुझी कुठली ती. एकदा पर्सिमन आणले, पिकल्यावर केशरी होणारं ते इथलं फळ, ते इतके कच्चे, की दिवसभर आमची जीभ जड. मला वाटलं, याचं लक्ष दुसरीकडेच आहे. बाजारात उभा असला तरी मन डोंगरावर.

मग मला ते दोन कप दिसले. वहिनींचे गुडघे गेल्यापासून त्यांनी डोंगर सोडला होता, त्याला चारेक वर्षं झाली असतील. एका रविवारी मी त्यांच्याकडे गेले, तर स्वयंपाकघरात थर्मासशेजारी दोन कप धुऊन पालथे घातलेले. एक साधा स्टीलचा, दुसरा निळ्या दांड्याचा. आदल्या दिवशी दादा एकटा गेला होता. एकट्याला दोन कप? मनात शंकेची पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. त्याच्या शर्टाच्या खिशात एक छोटी वही असायची. एकदा ती टेबलावर ठेवून तो हात धुवायला गेला तेव्हा मी ती उघडली. त्याच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'बाकावरच्या आजी: डाळिंब. बसमधल्या बाई: गूळ.' पुढे कुठे लिंबू, कुठे कैरी. मी वही मिटून होती तिथे ठेवली. जी नावं बायकोसमोर उच्चारता येत नाहीत, त्यांनाच माणूस अशी नावं देतो, असं मला वाटलं. डाळिंब काय, गूळ काय!

मी वहिनींना सांगून टाकलं. त्यांनी कणीक मळायचं थांबवलंसुद्धा नाही. म्हणाल्या, "असू दे गं. आठवड्यातून एकदाच तर जातात." मला त्यांची कीव आली आणि रागही आला. परमुलखात सांगणार कुणाला, म्हणून गिळून बसल्या आहेत, अशी माझी समजूत. त्या दिवसापासून मी दादाशी तुटक वागायला लागले. राखीपौर्णिमेला गेले, पण जेवायला थांबले नाही. त्याला ते कळत होतं. त्याने कारण विचारलं नाही आणि विचारलं नाही म्हणून माझा संशय आणखी वाढला. खाई त्याला खवखवे, असं मी मनाशी म्हटलं.

यंदाच्या ऑक्टोबरात, तळ्याच्या आठवड्यात, मी त्याला फोन केला आणि म्हटलं, मी येते तुझ्याबरोबर. मला ती बाई बघायची होती, खोटं कशाला बोलू. दादा इतका खूश झाला, की मी क्षणभर ओशाळले. बस घाट चढत होती तेव्हा तो लहान मुलासारखा खिडकीला नाक लावून बसला होता आणि मी बसमधल्या बायका न्याहाळत होते. तळ्याच्या कडेने दहा मिनिटं चालल्यावर त्याचा ठरलेला बाक आला. थर्मास उघडून त्याने निळ्या दांड्याचा कप आधी भरला आणि माझ्या हातात दिला. तेवढ्यात काठी टेकत एक म्हातारी आली. ऐंशीच्या पुढची, वाकलेली, डोक्याला लोकरी टोपी. "अनांतो-सान," म्हणून तिने हसून मान लववली. मग तिचं लक्ष माझ्याकडे आणि माझ्या हातातल्या कपाकडे गेलं. जागा भरली आहे हे बघून तिने पुन्हा मान लववली आणि ती पुढे निघून गेली. दादा अर्धवट उठला होता, तो परत बसला. आता या म्हातारीवर काय संशय घ्यायचा? पण मी घेतला. म्हटलं, ही निरोप्या असणार. मी आले आहे हे जाऊन सांगणार.

"कसं दिसतंय?" दादाने विचारलं.

समोर काय होतं ते आज लिहिते. पाण्यापलीकडचा अख्खा उतार लाल झाला होता. नुसता लाल नाही, उन्हाची तिरीप पडेल तिथे आतून उजेड आल्यासारखा आणि त्याचं तसंच्या तसं प्रतिबिंब पाण्यात.  पण मला त्याला सुख द्यायचं नव्हतं. मी म्हटलं, "ठीक आहे. संपत आलंय सगळं."

तो थोडा वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे चोथा? चहाचा चोथा होतो तसं?"

मला वाटलं, चेष्टा करतोय. "हो, तसंच समज," मी म्हटलं. उचलली जीभ लावली टाळ्याला. त्याने वही काढून काहीतरी लिहिलं, कप विसळले आणि म्हणाला, मग आता इथे थांबण्यात अर्थ नाही, पुढच्या खेपेला खाली जाऊ. बसस्टॉपवरूनच त्याने मंडळाच्या ग्रुपवर कळवलं, की तळ्याजवळचं यंदा लवकर आटोपलं, उद्याची सहल रद्द करा. दोन कुटुंबं तरीही दुसऱ्या दिवशी गेली आणि संध्याकाळी ग्रुपवर लालभडक फोटोंचा पाऊस पडला. लोकांनी दादाची थट्टा केली. पहिल्यांदाच नेम चुकला म्हणाले. त्याने उत्तर लिहिलं, "डोळे म्हातारे झाले." मी ते वाचलं आणि फोन उपडा ठेवला. मला तेव्हा बरंसुद्धा वाटलं होतं. त्यानंतरच्या दुसऱ्या शनिवारी तो दारात बूट चढवायला बसला आणि पुन्हा उठला नाही.

दिवसवार झाले, त्यांचा मुलगा येऊन परत गेला, तेव्हा मी वहिनींकडे चार दिवस राहायला गेले. दादाची डोंगराची पिशवी तशीच दाराशी होती. ती रिकामी करताना मी न राहवून विचारलं, वहिनी, हा दुसरा कप कुणाचा? वहिनी म्हणाल्या, "माझा. मी जात होते तोवर माझा. नंतर बाकावर जो बसेल त्याचा." आणि मग त्यांनी ते सांगितलं, जे चाळीस वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. दादाला लाल आणि हिरवा यांतला फरक दिसत नसे. तरुणपणी एका नोकरीच्या वैद्यकीय तपासणीत सगळ्यांसमोर नापास केलं होतं, तिथला कारकून हसला होता. घरच्यांनी बजावलं, बाहेर बोलू नकोस, लग्न जमायचं नाही. लग्नानंतरच्या पहिल्या श्रावणात वहिनींनी हिरव्या बांगड्या आणायला पाठवलं, तर हा तपकिरी घेऊन आला. वहिनींनी त्या महिनाभर घातल्या आणि एक शब्द विचारला नाही. महिन्याच्या शेवटी त्याने स्वतःच सांगितलं.

माझा संशय तरीही लगेच गेला नाही. म्हटलं, ज्याला लाल दिसत नाही तो पानांच्या मागे कशाला जाईल? वहिनी म्हणाल्या, जपानात आल्यावर पहिल्या वर्षी ऑफिसचे लोक डोंगरावर घेऊन गेले. सगळे 'आहा' म्हणाले, तसं हेही म्हणाले. घरी आल्यावर मला विचारलं, तिथे नक्की काय होतं गं? मग मी चवीत सांगितलं. हिरवं म्हणजे कैरी, पिवळं म्हणजे लिंबू, मग गूळ आणि पूर्ण लाल झालं की डाळिंब. गळायला लागलं की चोथा. "सगळ्यांना एवढं काय दिसतं, ते त्यांना कळून घ्यायचं होतं," वहिनी म्हणाल्या. "माझे गुडघे गेल्यावर म्हणाले, आता लोकांना विचारतो. पण नुसतं कोण सांगणार? चहा दिला की माणूस दोन शब्द जास्त बोलतो. घरी आले की वहीतून मलाच सगळं वाचून दाखवायचे." मी म्हटलं, मी त्याच्याबद्दल तुम्हाला काय काय सांगितलं, तेव्हा तरी बोलायचं होतं ना मला. त्या म्हणाल्या, त्यांना शब्द दिला होता.

वही माझ्या हातात होती. तळ्याच्या पानावर, तारखेखाली, एकच ओळ होती. 'शालन: चोथा.' बाकी कुणाचं मत नाही, कारण त्या दिवशी बाकावर मी बसले होते. मी हमसून रडले. वहिनींना सगळं सांगितलं, ती म्हातारी, तो लाल उतार, माझा राग, सगळं.  त्यांनी चष्मा घातला, ड्रॉवरमधून पेन काढून माझ्यापुढे ठेवलं आणि चहा करायला उठल्या. मी तो शब्द खोडला आणि शेजारी 'डाळिंब' असं लिहिलं.

वहिनींनी स्टीलचा कप स्वतःला घेतला आणि निळ्या दांड्याचा माझ्याकडे सरकवला. मग वही जवळ ओढून ती ओळ वाचली, माझ्याकडे जरा वेळ रोखून बघितलं आणि विचारलं, "खरं ना?"