समुद्रातल्या वहिनी

नवरा जाऊन महिना होत नाही, तोच बाई ऐन डिसेंबरात समुद्रात उतरते, हे कळल्यावर ब्युमॉन्ट या आयरिश उपनगरातली आम्ही मराठी मंडळी हबकलोच. दादा ऑफिसात बसल्या खुर्चीत गेले होते. दादा आणि वहिनी या भागात सगळ्यांच्या आधी आलेले, म्हणून सगळ्यांचेच दादा-वहिनी. सांत्वनाला काय बोलावं याची आम्ही जुळवाजुळव करत होतो आणि वहिनी टॉवेल घेऊन घराबाहेर!

एका सकाळी त्यांनी मलाही गाडीत घातलं. डॉक्टरांनी मला व्यायाम सांगितला होता आणि मी दर सोमवारी तो सुरू करत होते. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, माझे तीनही भरत नसत. वहिनींनी मला पोहण्याचा पोशाख घरूनच पंजाबी ड्रेसच्या आत घालायला लावला.

"आता तो बदलायचा कंटाळा येईल की नाही? मग त्या कंटाळ्यालाच कामाला लावायचं," त्या म्हणाल्या. जायचं की नाही, हे मनाला विचारायचंच नाही, असा त्यांचा दंडक. "उत्साह आधी येत नाही गं. तो मागून येतो, पाय ओढत."

बुल वॉल या समुद्रात गेलेल्या दगडी बांधाच्या पायऱ्यांवर नुकतं कुठे फटफटलं होतं. साठी-सत्तरीच्या आयरिश बायका एकेक करून पाण्यात उतरत होत्या, किंचाळत होत्या आणि लगेच हसतही होत्या. "ग्रँड वन्स यू आर इन," त्यातली एक मला म्हणाली, म्हणजे एकदा आत उतरलं की झकास. मी घोट्यापर्यंत गेले आणि श्वासच अडकला. वहिनी मात्र थेट गळ्याएवढ्या पाण्यात गेल्या आणि सगळ्यांत मोठ्यानं ओरडल्या. मग कळलं, त्यांना पोहता येतच नाही. कठडा घट्ट धरून त्या नुसत्या उभ्या राहत. या अजब व्यायामाला मी हसले, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले.

बघता बघता माझं जाणं अंगवळणी पडलं. फेब्रुवारीत एकदा थर्मासमधला चहा पिताना मी त्यांना चिडवलं, की सगळ्या सरावल्या, तुम्हीच अजून थंडीनं एवढ्या ओरडता.

वहिनींनी चहावर फुंकर घातली. "थंडीनं नाही ओरडत मी. घरी सासूबाई आहेत. त्यांचा मुलगा गेलाय, त्यांच्यासमोर मी कशी रडू? आणि आपल्या घरांच्या भिंती म्हणजे पुठ्ठा. इथे सगळ्याच ओरडतात. कुणी वळून बघत नाही."

इतके दिवस मी त्यांच्या शेजारी, हातभर अंतरावर उभी राहून हसत होते. मी त्यांचा ओला टॉवेल पिळत बसले. त्यानंतर एकही सकाळ चुकवायची माझी छाती झाली नाही.

उन्हाळ्यात सासूबाईंना घेऊन त्या कायमच्या पुण्याला निघाल्या. निघायच्या आदल्या दिवशी आम्ही शेवटचं गेलो. नेहमीच्या बायका ओरडल्या, मीही ओरडले. वहिनी एकेक पायरी उतरत गळ्यापर्यंत गेल्या आणि तोंडातून आवाज नाही. मी घाबरून त्यांचा दंड धरला आणि काय झालं म्हणून विचारलं.

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त धक्का बसला होता.

"काही नाही गं," त्या हळूच म्हणाल्या. "आज नुसतं गार लागतंय."