शेजारीशेजारची दोन निळी झाकणं

आमचे हे डिझेल मेकॅनिक. माणूस कष्टाळू, हाताला यश, पण संशयी इतके की भाजीत मीठ घातलंय म्हटलं तरी आधी माझ्या तोंडाकडे बघणार आणि मग चाखणार. धुराचे नियम कडक झाले आणि या संशयाला रानच मोकळं मिळालं. पूर्वी इंजिनाला डिझेल लागायचं आणि हवा. आता काजळी अडवायला सायलेन्सरमध्ये गाळणी, धूर साफ करायला युरियाच्या पाण्याची वेगळी टाकी, आणि या सगळ्यांवर पाळत ठेवायला सेन्सर. "इंजिन धडधाकट असतं गं, हे चहाडखोरच बिघडतात," असं यांचं म्हणणं. सेन्सरचं म्हणणं वाचायला गाडीला जोडतात त्या लॅपटॉपला तर हातही लावत नाहीत. बिघाडाचे कोड मीच वाचून दाखवते आणि "खोटं बोलतंय ते" हे उत्तर ठरलेलं. मी म्हणते, तीस वर्षं तो धूर छातीत भरलात, रोज सकाळी खोकत बसता, त्याचं काय? तेव्हा यांना ऐकू येत नाही.

एकदा दारात घरगाडी येऊन थांबली. आत पलंग, शेगडी, पडदे, सगळा संसार. जमीनमोजणीतून निवृत्त झालेले एक साहेब आणि त्यांच्या बाई घर विकून पाच वर्षं तिच्यातच राहत होते. गाडी सांगत होती, युरिया बरोबर नाही. अजून ऐंशी किलोमीटर, मग इंजिन सुरूच होणार नाही. आधीच्या दोन गॅरेजांनी सेन्सर बदलून पाहिले होते.

"गाडी बंद पडली की आमचं घरच बंद पडलं हो," बाई म्हणाल्या.

यांनी आधी त्या गॅरेजवाल्यांना चोर ठरवलं, मग सेन्सर बनवणाऱ्यांना. शेवटी मीच वैतागले. "अहो, ते टाकीतल्या पाण्याबद्दल ओरडतंय ना? मग आधी ते तरी बघा!" यांनी रागारागानं चार थेंब काढून तापलेल्या पत्र्यावर टाकले. युरिया असता तर पांढरा थर उरला असता. काहीच उरलं नाही. नुसतं पाणी! लॅपटॉप खरं बोलत होता, हे यांना पचायला फार जड गेलं.

मग युरिया विकणारा चोर ठरला. पण बाईंनी मागचा कप्पा उघडला, तर युरियाचे तिन्ही डबे सीलबंद.

"मग टाकीत ओतलं काय?" हे खेकसले. बाई घाईघाईनं कप्पा लावू लागल्या. आता मलाही संशय आला. म्हटलं, ही बाई काहीतरी लपवतेय.

दुसऱ्या दिवशी टाकी धुऊन खरा युरिया भरला आणि इशारा गेला. निघायच्या आधी साहेब पाण्याची नळी घेऊन आले. गाडीला प्यायच्या पाण्याचं झाकण निळं, युरियाचंही निळं, आणि दोन्ही शेजारीशेजारी. साहेबांनी दोन्ही चाचपली आणि युरियाचं उघडून नळी आत सोडली.

"सोडा पाणी," ते मला म्हणाले. "वाटेत हिचे पाण्यावाचून हाल नकोत."

मी नळ सोडलाच नाही. यांनी पुढे होऊन हळूच नळी काढून घेतली.

बाईंनी आम्हाला बाजूला नेलं. "मला ठाऊक होतं. पाच वर्षं हा माणूस डोळे मिटून बरोबर भरायचा. तरी मी सेन्सर बदलू दिले. दोष गाडीचाच निघावा, एवढंच वाटत होतं. परवा मला विचारत होते, आपलं घर कुठल्या गल्लीत? त्यांना सांगू नका हो."

मला माझीच लाज वाटली. आमचे हे तोंडावर बोलणारे, कुणाची भीडभाड न ठेवणारे. आता काय बोलतील, म्हणून मी यांची बाही ओढली. यांनी बाईंना एवढंच विचारलं, "गाडी चालवता येते?" बाईंनी मान डोलावली. मग हे साहेबांपाशी गेले.

"साहेब, धुराचा नवा नियम आलाय. गाडीची चावी आणि टाक्यांची झाकणं, दोन्ही एकाच माणसाच्या ताब्यात पाहिजेत. मी बाईंचं नाव चढवलंय."

साहेबांनी यांच्याकडे पाहिलं, मग बाईंकडे. "काय एकेक नियम काढतात लेकाचे!" असं म्हणत त्यांनी खिशातून चावी काढली आणि बाईंच्या तळहातावर ठेवली. हात मात्र लगेच मागे घेतला नाही.

"बरं झालं," ते हळूच म्हणाले. "मला हल्ली भीती वाटायची."