मूठभर सांबार

पोरगी पुण्यात नोकरीले लागली आन धड खाणंच सोडून बसली. सकाळी चहा-बिस्कुट, रात्री नूडल्स. रक्त कमी झालं, ऑफिसात चक्कर येऊन पडली, तवा कुठं मले समजलं. खोलीवर तीन पोरी, एक गॅस, आन स्वयंपाकाच्या नावानं बोंब. मंग म्या इथं लोहाऱ्यात मोबाइल तेलाच्या डब्याले टेकवला आन तिले व्हिडिओ पाठवाले लागली.

पहिलाच होता मोड आलेल्या बरबटीचा. पुण्यात तिले चवळी म्हणतात. वाफवलेली बरबटी, उकडलेलं अंडं, कांदा, टमाटर, संत्र्याच्या सोललेल्या फोडी, मीठ, लिंबू. तेलाचा थेंब नाही. शेवटी मोठ्या हौसेनं सांगतलं, "आन वरून मूठभर सांबार टाक."

आमच्याकडं कोथिंबिरीले सांबारच म्हणतात. पोरीले माहीत हाय, पण त्या दिवशी तिले यायले उशीर झाला आन व्हिडिओ पाहून रांधलं तिच्या मैत्रिणींनी. त्यायनं मसाल्याचं पाकीट आणलं, इडलीसंग खातात ते सांबार शिजवलं आन अंड्या-संत्र्यावर ओतलं! मंग पोट धरधरून हसल्या.

रात्री पोरीचा फोन आला. मले वाटलं, खाल्लं म्हणून सांगते. ती म्हणे, "आई, जरा शुद्ध बोलत जा ना. तुझं मले-तुले ऐकून सगळ्या हसतात."

अस्सा राग आला! पण कोणाले सांगता, आपलेच दात, आपलेच ओठ. फोन ठेवल्यावर मात्र लाज वाटली, आन तिची नाही, माह्यीच. मेल्याहून मेल्यासारखं झालं. भांडे घासता घासता 'कोथिंबीर, कोथिंबीर' म्हणून पाह्यलं. नवऱ्यानं विचारलं, कोणासंग बोलून राह्यली. म्या नळ मोठा केला.

त्यानंतरच्या व्हिडिओत मी बोललीच नाही. मुंगण्याच्या, म्हंजे शेवग्याच्या, शेंगा टाकून मुगाचं वरण केलं, दह्यात पपई कालवून दाखवली, सारं मुक्यानं. नुसते हात दिसत, आन कुकरची शिट्टी ऐकू ये.

मंग एक दिवस तिचा फोन आला. आवाज पार उतरलेला. मीठ किती, पाणी कवा टाकाचं, काहीच समजत नाही म्हणे. करणंच सोडलं होतं तिनं, पुन्हा नूडल्स सुरू. अन् एकदम लहानपणीसारखी बोलली, "आई, तू बोलत काहून नाही वो? मले करमत नाही."

'काहून' म्हणाली. 'मले' म्हणाली. तिच्या तिले पत्ताही नव्हता. म्या तेवढंच म्हणायले पाहिजे होतं, की बोलतो ना बाई, लिहून घे, मीठ चिमूटभर. पण मी इतके दिवस भांडे घासता घासता शुद्ध बोलणं घोकून राह्यलती, जीभ तिकडंच वळली.

"अगं, मला सर्दी झाली होती," म्या म्हटलं.

मंग पाहुण्याशी बोलावं तशी म्हणाली, "बरं. काळजी घे हं, आई." आन फोन ठेवला.