हरवलेल्या फायलींच्या बाई

"हरवलंय की पुसलंय?"

दुकानात शिरणाऱ्या प्रत्येकाला बाईंचा पहिला प्रश्न हाच. नाव नाही, पत्ता नाही, 'बसा' नाही. माणूस जिना चढून धापा टाकत आलेला असायचा, हातात लॅपटॉप नाहीतर पेन ड्राइव्ह, चेहरा घरात चोरी झाल्यासारखा. आणि बाई चष्म्यावरून बघत शांतपणे विचारायच्या, "हरवलंय की पुसलंय?"

बहुतेकांना यातला फरकच कळत नसे.

"बाई, डिलीट झालंय."

"झालं की केलं?"

मग माणूस आठवायला लागायचा. आठवता आठवता त्याचा श्वासही जाग्यावर यायचा. बाईंचं निम्मं काम तिथेच होत असावं असं मला वाटतं.

त्यांचं दुकान डोंबिवली पूर्वेला आमच्याच इमारतीत, पहिल्या मजल्यावर, पिठाच्या गिरणीच्या बरोबर वर. कॉम्प्युटरची नाजूक कामं करायला यापेक्षा वाईट जागा शोधून सापडली नसती. गिरणी सुरू झाली की टेबल थरथरायचं आणि स्क्रीनवर पिठाचा पातळ थर बसायचा. बाईंनी तोडगा काढला होता. बिघडलेल्या हार्ड डिस्क त्या गोधडीच्या घडीवर ठेवायच्या आणि गिरणी दुपारी बंद असेल तेवढ्या दोन तासांतच त्यांना हात लावायच्या. त्याआधी डिस्क कानाशी नेऊन ऐकायच्या. आत बारीक टकटक आली की मान हलवायच्या. "ही माझ्याकडची नाही. हिला मोठ्या लॅबमध्ये न्या. आणि वाटेत चालू करून बघू नका."

मी दुसऱ्या मजल्यावर राहते. दळण टाकायला खाली उतरायचे आणि ते होईपर्यंत बाईंकडे बसायचे. बाईंनी पूर्वी कल्याणला एका इन्स्टिट्यूटमध्ये बरीच वर्षं टायपिंग शिकवलेलं. म्हणून सगळ्यांच्या त्या बाई. टाइपरायटर गेले, कॉम्प्युटर आले, बाई तेही शिकल्या. फायली शोधायच्या नादाला कशा लागल्या, असं मी एकदा विचारलं.

"टायपिंगच्या वेळी चूक झाली की मुली पांढरा रंग लावायच्या," त्या म्हणाल्या. "मी कागद उजेडाकडे धरायचे. खालचं अक्षर दिसायचंच. तेव्हापासून ही खोड."

त्यांच्या कामात जादू नव्हती, असं त्या स्वतःच सांगायच्या. "सॉफ्टवेअर काय, सगळ्यांना मिळतं. काही तर फुकट मिळतात. लोकांना थांबता येत नाही, एवढंच. फाइल गेली की घाबरून त्याच डिस्कवर आणखी चार गोष्टी टाकतात. गेलेली फाइल तिथेच असते हो. तिची जागा रिकामी आहे, अशी फक्त नोंद झालेली असते. जागेवर दुसरं कुणी येऊन बसलं, की मग खरी गेली."

त्यांचा एक नियम होता. फायली परत आल्या की त्यातल्या तीनच उघडायच्या, त्याही मालकासमोर आणि मालक सांगेल त्या. बाकीच्यांची फक्त नावं वाचायची. पण नावांचं मात्र त्यांना भारी कुतूहल. "ठाण्याच्या एका गृहस्थांच्या फोल्डरचं नाव काय होतं, सांगू? 'बघू नंतर'. आत चार हजार फायली!" असं म्हणून त्या अशा हसायच्या की चष्मा काढून पुसावा लागायचा.

विठ्ठलवाडीचे एक आजोबा आत्मचरित्र लिहीत होते. ते उडालं. बाईंनी आठवडाभर खपून परत आणलं. आजोबांनी पानं वरखाली करून पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला.

"एवढंच?"

"जेवढं लिहिलं होतंत तेवढं सगळं आलंय."

"मला वाटलं, मी बरंच लिहिलेलं."

बाईंनी त्यांना चहा पाजला आणि म्हणाल्या, "मग आता लिहा की. मी आहे."

त्याच बाई कडकही होत्या. एकदा एक तरुण बायकोचा लॅपटॉप घेऊन आला. बायकोने मेसेज पुसले होते, ते त्याला हवे होते.

"पुसलंय ना? मग ज्यांनी पुसलं त्यांना घेऊन या."

"अहो, लॅपटॉप मी घेऊन दिलाय. माझा आहे तो."

"लॅपटॉप तुमचा आहे. घेऊन जा." आणि त्यांनी तो अलगद बंद करून त्याच्या हातात ठेवला. हरवलेलं शोधायचं, मुद्दाम पुसलेलं शोधायचं नाही, हा त्यांचा दुसरा नियम. तो मोडताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. तो वाकवावा लागला, तो माझ्यामुळे.

मी ठाण्याच्या एका शाळेत मराठी शिकवते. माझ्या वर्गातल्या एका मुलीची आजी कोलशेतच्या कोळीवाड्यात धवलारीण होती. म्हणजे लग्नाच्या विधींमध्ये धवले, ती जुनी गाणी, म्हणणारी बाई. हे धवले कुठे लिहिलेले नव्हते. मी सुट्टीच्या दिवशी जाऊन एका छोट्या रेकॉर्डरवर ते घ्यायला लागले. आजी मासळी निवडता निवडता गायची आणि मधेच थांबून विचारायची, "तुजा डबा चालू हाय ना गो?"

शेवटच्या खेपेला मुलीला सासरी धाडतानाचा धवला चालला होता. आजी एका ओळीवर थांबली आणि थोरल्या मुलीबद्दल बोलायला लागली. थोरलीने घरच्यांच्या मनाविरुद्ध, जातीबाहेर लग्न केलेलं. ती कल्याणला राहायची. गावभरच्या मुलींच्या लग्नात गाणारी आजी स्वतःच्या मुलीच्या लग्नाला गेलीच नव्हती आणि पुढेही तिने मुलीशी बोलणं टाकलं होतं. ते सगळं सांगताना आजी रडली. मग पदराने तोंड पुसून म्हणाली, "पुस गो ते. लोका काय बोलतीन." मी तिच्यासमोर ते रेकॉर्डिंग पुसलं आणि पुसल्याचं तिला दाखवलंही.

काही महिन्यांनी आजी गेली. धवले कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचे राहिलेच होते. उतरवलेत, अशी माझी मात्र पक्की समजूत. शाळेचं गॅदरिंग आलं तेव्हा मी बेधडक रेकॉर्डरचं कार्ड कोरं केलं आणि तासभर भाषणं रेकॉर्ड केली. पुढच्याच आठवड्यात एक फोन आला. "मॅडम, मी हिरा. कोलशेतच्या धवलारणीची मोठी मुलगी. आईचा आवाज तुमच्याकडे आहे, असं भाऊ म्हणाला. मला ऐकायला मिळेल?"

मी कॉम्प्युटर उघडला. फोल्डर होतं. आत काही नव्हतं.

रेकॉर्डरचं कार्ड हातात घेऊन बाईंसमोर जाऊन बसले. "मीच पुसलं, पण चुकून," म्हणाले.

"मग हरवलं म्हणा. त्यानंतर काय केलंत?"

"गॅदरिंग."

"किती वेळ?"

"तासभर."

बाईंनी कार्ड माझ्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतलं. "सुरुवातीचं गेलं असेल. भाषणं त्यावर बसली असणार. शेवटचं मिळेल कदाचित." मग त्यांनी कार्डाची आहे तशी पूर्ण नक्कल स्वतःच्या मशीनवर उतरवली आणि शोध सुरू केला तो त्या नकलेवर. मूळ कार्ड पाकिटात घालून त्यावर माझं नाव लिहिलं.

स्क्रीनवर हिरवी पट्टी मुंगीच्या पावलाने सरकत होती. फायली आल्या त्या बिननावाच्या, नुसते आकडे. मी वहीत टिपलेल्या यादीशी आम्ही एकेक ताडून पाहू लागलो. पहिल्या दोन खेपांचे धवले गेले होते. बाकीचे, म्हणजे निम्म्याहून जास्त, शाबूत होते. मी सांगितल्या त्या तीन फायली बाईंनी उघडल्या आणि गिरणीच्या घरघरीत आजीचा आवाज आला. मला रडू फुटलं. बाई स्क्रीनकडेच बघत होत्या.

"एक जास्त आहे," त्या म्हणाल्या. "ही शेवटची तुमच्या यादीत नाही."

ती कोणती ते माझ्या लगेच लक्षात आलं. मी त्यांना सगळं सांगितलं. आजीचं रडणं, मुलगी, 'पुस गो ते'.

बाईंनी माउसवरचा हात काढून घेतला. "मग ती आपल्याकडे नाही." बाकीचे धवले त्यांनी एका पेन ड्राइव्हवर दिले. कार्डाचं पाकीट आणि ती एक फाइल मात्र स्वतःकडे ठेवली.

दोन दिवसांनी बाई आमच्या दारात उभ्या. एवढ्या वर्षांत त्या कधी वर आल्या नव्हत्या. चपलाही न काढता म्हणाल्या, "आजी नक्की काय म्हणाल्या? जसेच्या तसे शब्द सांगा."

"'पुस गो ते. लोका काय बोलतीन.'"

"लोक," बाई म्हणाल्या. "मुलगी लोकांत धरायची का?"

"मला नाही सांगता येणार, बाई."

"मलाही नाही. दोन दिवस तेच चाललंय डोक्यात." त्यांनी कठड्याला हात टेकला. "असं करू. अशी एक फाइल आहे आणि आईने ती पुसायला सांगितली होती, दोन्ही गोष्टी मुलीला सांगू. पुढचं तिने ठरवू दे. आपण दोघी कोण?"

हिराताई आल्या त्या दुपारी, गिरणी बंद असताना. कल्याणला शिवणाचे क्लास घेणाऱ्या, पन्नाशीच्या बाई. पदराला अजून एक टाचणी लागलेली होती. बाईंनी आडवळण न घेता सगळं सांगितलं. हिराताईंनी एकच विचारलं, "माझ्याबद्दल वाईट बोलली का?"

"मी ऐकलेलं नाही," बाई म्हणाल्या आणि माझ्याकडे पाहिलं.

"नाही," मी म्हणाले. "वाईट नाही."

हिराताईंनी हेडफोन कानाला लावले. बाईंनी फाइल सुरू करून दिली, मला दंडाला धरून बाहेर आणलं आणि दार लोटून घेतलं. आम्ही जिन्यात उभ्या राहिलो. खाली गिरणीवाला चाळण झाडत होता.

"तुम्हाला ऐकावंसं नाही वाटत?" मी हळूच विचारलं.

"खूप वाटतं," बाई म्हणाल्या. "म्हणून तर बाहेर आले."

बऱ्याच वेळाने दार उघडलं. हिराताईंचे डोळे सुजले होते, पण चेहरा मोकळा वाटत होता. "झालं ऐकून. आता पुसा."

"कॉपी नको तुम्हाला?" मी न राहवून विचारलं.

"नको. पुसायला सांगितलेलं ना तिने?" त्या हसल्या. "आयुष्यात एवढं तरी तिचं ऐकते."

मग बाईंनी जे केलं ते मी त्यांना एरवी कधीच करताना पाहिलं नव्हतं. ती फाइल त्यांनी नुसती डिलीट केली नाही. मशीनवरच्या नकलेवरून आणि पाकिटातल्या कार्डावरून त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत शून्यं फिरवली, म्हणजे जुन्या प्रत्येक जागेवर शून्य लिहिलं, कसलीच खूण मागे राहू नये म्हणून. त्याला अर्धा तास लागला. आम्ही तिघी ती पट्टी सरकताना बघत बसलो.

"आता कुणालाच नाही सापडणार?" पट्टी संपल्यावर हिराताईंनी विचारलं.

"मलासुद्धा नाही," बाई म्हणाल्या.

बाईंना जाऊन आता वर्ष झालं. चार दिवसांच्या आजाराचं निमित्त झालं. त्यांच्या जागी मोबाइलची कव्हरं विकणारं दुकान आलंय, तिथे दिवसभर गाणी चालू असतात. अजूनही कधी कधी एखादा माणूस लॅपटॉप छातीशी धरून जिना चढतो, बोर्ड बघतो आणि तसाच उभा राहतो. तुमच्या ओळखीतलं कुणी त्या जिन्यावरून असंच परत आलं असेल, तर त्यांना काय मिळायचं राहिलं हे आता तुमच्या लक्षात येईल.

मला मात्र बाई दुकानातल्या आठवत नाहीत. आठवतात त्या कोलशेतच्या मांडवातल्या. माझी ती विद्यार्थिनी, हिराताईंची भाची, मोठी झाली आणि तिच्या हळदीला हिराताईंनी आम्हा दोघींना आग्रहाने बोलावलं. मी दिलेल्या पेन ड्राइव्हवरचे धवले त्यांनी घरी ऐकून ऐकून पाठ केले होते. आईच्या जागी बसून त्या पहिल्यांदाच म्हणत होत्या. आवाज थरथरत होता, पण शब्द चुकत नव्हते. बाई सतरंजीवर माझ्या शेजारी मांडी घालून बसल्या होत्या, आणि टाळी दर वेळी अर्धा ठेका उशिरा पडत होती.

एका ठिकाणी हिराताई थांबल्या. पुढचा धवला त्यांना येत नव्हता. तेवढ्यात मागच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या कोळणीने घसा खाकरला आणि चढ्या आवाजात पुढचं उचललं. दुसरीने साथ दिली, मग तिसरीने.

बाईंनी माझा हात घट्ट धरला. एवढ्या आनंदात मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"अहो, हा आपल्याकडे नव्हता!" त्या म्हणाल्या, आणि नीट ऐकू यावं म्हणून सतरंजीवरून सरकत सरकत त्या बायकांच्या घोळक्यात पार आत जाऊन बसल्या.