गुड्यावरच्या मास्तरांची बदली

ते प्रकरण आठवलं की आजही आधी डोळ्यांसमोर येतो तो तक्रारदार. नव्वदच्या दशकाचा शेवट होता. आदिलाबादच्या एका सरकारी कचेरीत शिक्षकांच्या बदल्यांचं काम नुकतंच संगणकावर गेलं होतं. ठाण्यातली हजेरी आटोपते न आटोपते तोच त्या कचेरीतला ज्येष्ठ टंकलेखक माझ्यापुढे येऊन बसला.

"सायब, आमच्या संगणकवाल्या बाईनं आपल्या मास्तर नवऱ्याले रानातून मावल्याले आणून घेतलं. ना सही, ना हुकूम."

मावला शहराला लागूनच. उटनूरकडच्या जंगलातल्या मास्तराला तिथली जागा मिळणं म्हणजे घरी येणंच. गुन्हा दाखल झाला तर बाईची नोकरी जाणार, अटकही होणार. हे सांगताना गड्याचा चेहरा फुलला होता. कचेरीचा सगळा टाइप आयुष्यभर यानं बडवला आणि हैदराबादला प्रशिक्षणाला गेली ती मागून लागलेली बाई. तिला थंडगार खोली, चपला बाहेर काढून आत जायचं. याचं यंत्र व्हरांड्यात. त्याची जळजळ मला लगेच कळली. त्याच वर्षी माझ्यामागून भरती झालेला एक जण माझा वरिष्ठ होऊन आला होता, आणि त्याला सलाम ठोकणं माझ्या जिवावर यायचं.

जमादाराला घेऊन पंचनाम्याला गेलो. पडद्यावर पाहिलं तर बाईचा नवराच काय, जंगलातले ढीगभर मास्तर मावल्याला आलेले. एवढ्यांना बसायला तिथल्या शाळेत बाकंही पुरली नसती. तक्रारदारानं मात्र एकच नाव सांगितलं होतं.

बाईचा जबाब घेतला. ती घाबरली होती, पण बोलताना अडखळली नाही.

"सायब, मी बदल कराच्या आदी कोन कोन सापडते ते पाह्यतो. मंगच हुकूम देतो. आन् मले त्याईलेच हालवाचं असतं, तर नोकरीचा नंबर टाकला असता. एकच मानूस हालला असता."

"मग हे कसं झालं?"

"कोनं तरी गावाच्या नावात कुठंबी 'गुडा' असन ते सारे बदल, असं सांगितलं मशीनले."

गुडा म्हणजे आदिवासींची वस्ती; आमच्या जंगलपट्टीत तो नावात असलेली गावं पावलोपावली. म्हणजे हे करणाऱ्याला नेमकं गाव ठाऊक नव्हतं. बाई जेवायला जाताना संगणक चालूच ठेवायची, कारण तो पुन्हा सुरू व्हायला फार वेळ घ्यायचा. तेवढ्यात कुणीही आत बसू शकत होतं.

टंकलेखकाला ठाण्यात बोलावलं, चहा पाजला. बोलणं आडवळणानं नेलं आणि सहज विचारलं, "बाईचा नवरा कोणत्या गावी मास्तर आहे हो?"

"गुड्यावर."

"कोणत्या गुड्यावर?"

तो पुन्हा 'गुड्यावर'च म्हणाला. आपल्या गावाला पूर्ण नावानं आमच्याकडे कुणी हाक मारत नाही. बाईही डबा खाताना 'आमचे हे गुड्यावर असतात' एवढंच म्हणायची, आणि यानं तेवढंच ऐकलेलं. महिनोन्‌महिने तिच्या पाठीशी उभं राहून हुकूम द्यायला शिकला, पण आधी पाहून घ्यायचं तिचं वळण काही त्यानं उचललं नाही.

"काऊन केलं हे?" जमादारानं विचारलं.

"मलेबी येते हे, कोनी इचारलंच नाही," तो म्हणाला आणि रडू लागला. मला त्याची कीव आली नाही. माझीच जळजळ समोर बसून रडते आहे असं वाटून उलट रागच आला.

आदल्या दिवसाची प्रत टेपवर होती, त्यामुळे सगळे मास्तर आपापल्या गावी परतले. टंकलेखक निलंबित झाला, खटला चालला, शिक्षाही झाली. माझी पाठ थोपटायला माझे ते वरिष्ठ स्वतः आले, तेही मला सहन झालं नाही.

या प्रकरणानं मला एक गोष्ट शिकवली. चोराकडून माल परत घेता येतो, पण जळणाऱ्याकडून काय परत घेणार? बाईनं नवऱ्याच्या बदलीचा रीतसर अर्ज कधीचाच दिलेला होता. त्या गाजावाजानंतर त्यावर सही करायला एकही साहेब धजेना. निर्दोष ठरलेली ती बाई माझी तिथून बदली होईपर्यंत दर शनिवारी मुलीला घेऊन उटनूरच्या बसला उभी दिसायची. टंकलेखकाला हवी होती ती तिची शिक्षा अशी चालूच राहिली.