प्रायव्हेट म्हणजे घरच्यांसाठी

बाळांनो, चर्चच्या चॅनलवर आजीचे व्हिडिओ का येत नाहीत, हे तुम्ही फोनवर दोनदा विचारलंत. दोन्ही वेळा मी डोळ्यांचं कारण सांगितलं. ते खोटं होतं. खरं कारण बोलताना माझा आवाज टिकणार नाही, म्हणून लिहिते आहे.

तुमची अकोल्याची मोठी आजी, माझी ताई, तुम्हाला आठवत असेल. दर नाताळला सकाळच्या गाडीने अमरावतीला यायची, घरच्या मळ्यातल्या झेंडूची पिशवी घेऊन. चर्चमध्ये ती दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसायची. प्रभुभोजनाच्या वेळी सगळे भाकर आणि द्राक्षारस घ्यायला पुढे जात, ती जागची हलत नसे, आणि उपासनेनंतर चहाला न थांबता निघून जाई. लग्नानंतर तिचं नाव सभासदांच्या यादीतून कमी केलं होतं. तिने अकोल्याजवळच्या एका माळकरी घरात लग्न केलं, फुलं आणि भाजीपाला पिकवणारं घर. त्या वेळच्या मंडळीला ते चाललं नाही. एका रविवारी आशीर्वादाआधी तशी सूचना वाचून दाखवली. मी तेव्हा कॉलेजात होते. आईने माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगडीचा वळ उठला. तुला येऊ नको, असं ताईला कुणी कधी म्हटलं नाही. ये, असंही म्हटलं नाही.

गेल्या पावसाळ्यात तिला अर्धांगाचा झटका आला. बोलणं शाबूत राहिलं, उजवी बाजू गेली. दिवाळीनंतर तिच्या मुलीने, माझ्या भाचीने, सांगितलं की डॉक्टर आता औषधांबद्दल कमी बोलतात आणि सेवेबद्दल जास्त.

डिसेंबर लागताच मी रोज काहीतरी चॅनलवर टाकू लागले. मनोऱ्यावर तारा चढवताना, कॅरलची फेरी, संडे स्कूलच्या नाटकात मेंढपाळाची दाढी सुटली ते. खरं तर सगळं ताईसाठी चाललं होतं. भाची तिला फोन धरून दाखवी. एके दिवशी ताईचा आवाज आला, “पोरं चांगली गाऊन राहिली वो. पण हे झालेलं हाय. मले होऊन राहिलेलं पाह्याचं हाय. एकडाव.”

मी पाळकांकडे गेले. ते तरुण आहेत. त्यांनी जुनं रजिस्टर काढून ताईचं नाव कमी केल्याची ओळ वाचली. मग म्हणाले, “बाई, झालेलं मला खोडता येणार नाही. पण नाताळच्या उपासनेत सगळ्या मंडळीसमोर मी त्यांना सलाम करीन. तुम्ही तो त्यांच्यापर्यंत पोचवा.” पंचांनीही मान्य केलं. मी ताईला एवढंच कळवलं की पंचवीस तारखेला नऊ वाजता बसून राहा, तुझ्यासाठी काहीतरी आहे.

भाचीची एकच अट होती. “मावशी, सगळ्याइले दिसू नका देऊ. आमचे भाऊबंद नावं ठेवतात.”

मी वहीत सगळं क्रमवार लिहून काढलं. चार्जिंग, स्टँड, नेट, फोनचा कोन. थेट प्रक्षेपण सुरू करण्याआधी फोनने तीन पर्याय विचारले : पब्लिक, अनलिस्टेड, प्रायव्हेट. पब्लिक नको होतं. अनलिस्टेड या शब्दावर माझं बोट थांबलं. लिस्टमधून काढलेली. सबंध आयुष्य तिने जे सोसलं, तोच शब्द मी तिच्या सलामावर लावू? प्रायव्हेट म्हणजे खाजगी, घरच्यांसाठी. मिशनच्या शाळेत इंग्रजी शिकलेली मी, मला अर्थ शोधावा लागला नाही. प्रायव्हेट निवडलं आणि भाचीला लिंक पाठवली.

नऊ वाजता घंटा झाली. फोनच्या काचेवर पाहणाऱ्यांचा आकडा शून्य होता. मला वाटलं, रेंज नसेल. पहिलं गीत झालं, शून्यच. माझा फोन स्टँडवर अडकलेला, म्हणून अडचण आली तर पाळकांच्या पत्नीच्या, पाळकबाईंच्या, फोनवर कळव, असं भाचीला सांगून ठेवलं होतं. पाळकबाईंनी मला खुणेने व्हरांड्यात बोलावलं.

“मावशी, काहीच दिसून नाही राहिलं,” भाची म्हणाली. “आईले सातपासून उठवून बसवलं, जरीचं लुगडं नेसवलं.”

“काय लिहून येतंय?”

“प्रायव्हेट हाय म्हणते.”

“बरोबर आहे. मुद्दामच केलंय तसं. घरच्यांसाठी आहे. पुन्हा दाब.”

ती पुन्हा दाबत राहिली. मी पाळकबाईंच्या फोनवरून लिंक पाठवली, मग परत एकदा पाठवली. आत दुसरं गीत संपत आलं होतं. मी वहीची पानं उलटत होते. हातातल्या त्याच फोनवरून साधा व्हिडिओ कॉल लावता आला असता, हे मला सुचलं नाही. वहीत ते लिहिलेलं नव्हतं.

आतून पाळकांचा आवाज आला. “अकोल्याच्या ताई, ही मंडळी तुम्हाला सलाम करते. तुमची जागा पुढच्या बाकावर आहे. ती आम्ही तुम्हाला इतकी वर्षं दिली नाही, आम्हाला क्षमा करा.” सगळे उठून उभे राहिले, फोनकडे वळले, हात वर करून म्हणाले, “सलाम, ताई.” म्हातारे पंच रडत होते. मी दारात उभी राहून शून्याकडे पाहत होते.

उपासना सुटल्यावर मी तुम्हाला फोन लावला. तुमच्याकडे रात्र होती, तरी तुमच्यापैकी धाकटीने उचलला आणि झोपेतच सांगितलं, “आजी, प्रायव्हेट केलं तर फक्त तुलाच दिसतं. अनलिस्टेड करायचं असतं. ज्याला लिंक देशील तो बघू शकतो.” का विचारतेस, असंही तिने विचारलं. मी काहीतरी सांगून फोन ठेवला.

बडनेऱ्याहून मिळाली ती गाडी पकडली. मूर्तिजापूरला गाडी उभी असताना भाचीला फोन लावला. ती म्हणाली, “या तुमी. आई बोलून नाही राहिली.”

पोचले तेव्हा चार वाजले होते. ताई खाटेवर कुशीवर निजली होती, तेच जरीचं लुगडं, बदलू दिलं नव्हतं. दुपारपर्यंत खुर्चीत बसून होती म्हणे. मला पाहून म्हणाली, “आली काय? पोरगी म्हणे, प्रायव्हेट हाय. मंग मी म्हटलं, आपल्याले नसन बोलावलं. काहून तरास करून घेते?”

मी तिच्या पायाशी बसले आणि शब्दांचा सगळा घोळ सांगितला. यादी, अनलिस्टेड, सगळं. मग माझ्या फोनवर व्हिडिओ लावला. माझ्या फोनवर तो नीट चालला. तिने पाळकांचं बोलणं ऐकलं, वर झालेले हात पाहिले. मग डाव्या हाताने फोन बाजूला सारला.

“हे उपासना सरल्यावर काढलं काय?”

“नाही ग ताई. तेव्हाचंच आहे.”

“तू लहानपणापासून सारं नीट करून ठेवते. मले वाईट वाटलं म्हणून उभं केलं असशीन सगळ्याइले. चांगलं केलं.”

मी तिला वेळ दाखवली, तारीख दाखवली. पाळकांना फोन लावला, ते तिच्याशी बोलले. ती “हो, हो, सलाम” म्हणाली. मी तिच्या गळ्याची शपथ घेतली. आमच्यात शपथ घेत नाहीत, तरी घेतली. ती थकली होती. माझ्या तोंडाकडे तिने थोडा वेळ पाहिलं आणि मान हलवली, पटलं म्हणून. ते पटलेलं नव्हतं. मी रडायची थांबावी, एवढ्यासाठीच तिने मान हलवली होती.

संक्रांतीच्या आधी ती गेली.