भाऊजी आणि धोंडू

माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांइतकं शुद्ध मराठी त्या काळी अख्ख्या जळगावात कुणी बोलत नसे, आणि त्यांच्याच मते, इतकं अशुद्धही कुणी बोलत नसे. शुद्ध ते स्वतः बोलत, अशुद्ध त्यांच्या मांडीवरचा धोंडू. भाऊजी शाळेत मराठी शिकवत आणि गणपतीत, स्नेहसंमेलनांत बोलक्या बाहुल्याचे खेळ करत. धोंडू हा तो बाहुला, पक्का खान्देशी. "काय करी राह्यना, गुरुजी?" एवढं तो म्हणाला की मांडव हसायला लागे.

ओठ न हलवता बोलण्याचा सराव भाऊजी कुठेही करत. एसटीत "यावल, दोन" असं ते इतक्या सफाईने सांगत, की कंडक्टर मागच्या बाईच्या हातात तिकिटं ठेवी. प, फ, ब, भ, म ही अक्षरं ओठ मिटल्याशिवाय निघत नाहीत, म्हणून धोंडूला ती वर्ज्य होती. केळीच्या गावांत त्याचं छान जमे. कापसाच्या गावांत मात्र 'कापूस' न म्हणता शेतीवर बोलताना भाऊजींना घाम फुटे.

त्यांच्या आई चोपड्याला एकट्या राहत. भाऊजी त्यांच्याशीही वर्गातल्यासारखंच बोलत. "आई, आपली प्रकृती ठीक आहे ना?" त्या नुसतं "हाँ" म्हणत. मग पेटीतून धोंडू निघे. गुडघे, भावकी, विहिरीचं पाणी, सगळं त्या त्याला सांगत. एकदा मला म्हणाल्या, "हाऊ धोंडू मन्हासंगे बोलस. गुरुजी नही बोलत."

एका दुपारी त्या ओट्यावरून पडल्याचा निरोप आला. भाऊजी वर्गातून थेट स्टँडवर गेले, निरोप घेऊन शाळेत गेलेला मी सोबत होतो. पोचलो तेव्हा आईंचा हात गळ्यात बांधलेला होता आणि जेवणाचं ताट तसंच पडलं होतं.

"धोंडू कोठे शे?" त्यांनी विचारलं.

"घाईत तो घरीच राहिला, आई."

त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. भाऊजींनी चष्मा काढून पुसला. मग नव्याने वाचायला शिकलेल्या पोरासारखं, अडखळत म्हणाले, "माय, तू जेवनी का?"

"नही," त्या वळून म्हणाल्या. "तू?"

भाऊजींनी ताट ओढलं आणि भाकरी कुस्करायला घेतली.

त्यानंतर आई दोन वर्षं जगल्या. भाऊजी दर रविवारी चोपड्याला एकटेच, धोंडूलाही न घेता, जात आणि शेवटच्या गाडीने परतत. एवढा वेळ दोघं काय बोलत, ते त्यांनी ताईलाही कधी सांगितलं नाही.